चाकं बांधून पारखलेली गाडी

मित्रांनो, स्वतःची ओळख करून द्यायची म्हटली की पहिल्याच वाक्याला माझी गाडी अडते. मी एक जुनी डिझेल अँबॅसिडर आहे, इथवर सगळं ठीक. पण किती जुनी, असं विचारलंत तर वय कोणाचं सांगू? अंगाचं की इंजिनाचं?

अंग माझं चौऱ्याहत्तर सालचं. पांढरा रंग, गोलमटोल बांधा, पुढे एकच लांब सीट. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी मला नवीकोरी आणली तेव्हा मी पेट्रोलवर चालत होते. आवाज इतका हलका की दवाखान्यासमोर थांबले तरी आतल्या रोग्याला कळत नसे. डॉक्टर दर रविवारी स्वतःच्या हातांनी मला पुसत. बारा वर्षं असे लाड झाले. मग माझं इंजिन थकलं, डॉक्टरही थकले आणि त्यांनी मला विकून टाकलं.

ज्यांनी विकत घेतलं त्यांनी पेट्रोल परवडत नाही म्हणून माझं काळीज काढलं आणि तिथे दुसरंच बसवलं. ते होतं रावेरच्या एका मॅटाडोरचं. त्या मॅटाडोरनं जन्मभर केळीचे घड वाहिले होते. तिची बॉडी सडली, इंजिन मात्र ठणठणीत राहिलं. पहिल्यांदा ते माझ्या पोटात सुरू झालं तेव्हा मला वाटलं, हिवतापच भरला. दारं थरथरली, आरसा हलायला लागला. त्या दिवसापासून मला काही कळेनासं झालं. दवाखाना दिसला की माझं अंग थांबू पाहायचं, आणि केळीची गाडी शेजारून गेली की पोटातलं इंजिन उगाच हुंकारायचं. मी डॉक्टरांची गाडी की केळीवाल्याची? विचारायचं तरी कोणाला!

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात मी धुळ्याच्या आग्रा रोडवर भाईदासशेठच्या जागेत, लिंबाच्या झाडाखाली उभी होते. भाईदासशेठ जुन्या गाड्यांचे दलाल. गिऱ्हाईक आलं की ते माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "घरची गाडी आहे!" कोणाच्या घरची, ते कधी सांगत नसत. मी सात महिने तिथे उभी होते. लोक यायचे, माझा आवाज ऐकायचे, थरथर बघायचे आणि शेजारच्या गप्प गाडीकडे वळायचे.

एका शनिवारी सकाळी चार माणसं आली. सुकदेव अहिरे, वरणगावच्या कारखान्यात नोकरीला. त्यांची बायको कमलबाई, धुळ्याच्या अलीकडे एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. सुकदेवांचे वडील भिका आबा, जन्म बैलांच्या संगतीत गेलेले. आणि जळगावचा चुडामण मिस्तरी, गाडी पारखायला मुद्दाम आणलेला.

त्यांच्या बोलण्यावरून मला हळूहळू उलगडा झाला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण नवरा वरणगावला आणि बायको धुळ्याला, भाड्याच्या खोलीत. भेट रविवारी, तीही एस.टी. वेळेवर आली तर. बदलीचे अर्ज करून करून दोघांचे हात दुखले होते. आता त्यांनी ठरवलं होतं की जळगावला घर करायचं. सुकदेवांनी पॅसेंजरनं वरणगाव गाठायचं आणि कमलबाईंनी गाडीनं शाळा. जाऊन-येऊन रोजचे दीडशे किलोमीटर, म्हणून डिझेलच हवी, आणि नवी झेपत नाही म्हणून जुनीच हवी. गाडी मिळाली नाही, तर कमलबाईंनी नोकरी सोडायची. राजीनामा लिहून तयार होता. पाकिटावर पत्ता घालून, तिकीट लावून तो त्यांच्या पर्समध्ये होता.

"आज नाही ठरलं तर जाता जाता पेटीत टाकून देऊ," सुकदेव म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता, नुसता थकलेला होता.

कमलबाई म्हणाल्या, "आमच्या गावातून शिकून मास्तरीण झालेली मी पहिली आहे हो." एवढंच बोलल्या आणि माझ्या टायरकडे बघत राहिल्या. या बाईची नोकरी माझ्यासारख्या धड ना इकडच्या, धड ना तिकडच्या गाडीवर अवलंबून!

त्यानंतर जो गोंधळ झाला तो काय सांगावा. भाईदासशेठनी सुकदेवांना आग्रहानं स्टिअरिंगपुढे बसवलं. "बसून बघा साहेब, राजासारखं वाटेल." सुकदेव दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसले. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. आबांना येत नव्हती. येत होती ती फक्त कमलबाईंना, आणि त्या बाहेर उन्हात उभ्या होत्या. धुळ्याच्या मोटार क्लासात महिनाभर शिकून त्यांनी लायसन काढलं होतं, पण त्यांना कोणी विचारलंच नाही. मला कळेना, माझा मालक होणार तरी कोण?

मिस्तरीनं बॉनेट उघडलं आणि नाक मुरडलं. "अंग एकाचं, इंजिन दुसऱ्याचं. असली गाडी कधी सुखाची नसते, साहेब." हे तर मी स्वतःच दोन वर्षं मनात घोळत होते. तोंडावर ऐकलं तेव्हा फार लागलं.

आबांची तऱ्हा निराळी. ते माझ्याभोवती तीन फेऱ्या फिरले. मागच्या चाकांपाशी वाकले, पाठीवरून हात फिरवला, समोर येऊन माझ्या दिव्यांत रोखून बघितलं. दात दिसले असते तर त्यांनी तेही मोजले असते. मग आत डोकावून त्यांनी एका मुठीकडे बोट दाखवलं.

"हाई मूठ कसानी शे रे भाऊ?"

"हँडब्रेक, आबा. ही ओढली की मागची चाकं धरली जातात," भाईदासशेठ म्हणाले.

आबांचे डोळे चमकले. मग एकदम म्हणाले, "वझं भरा. नुसतं चालाडीसन काय कळस?"

शेजारच्या आडत दुकानातून तासाभरासाठी तुरीची तीन पोती मागून आणली. दोन डिकीत टाकली, एक मागच्या सीटवर. त्या पोत्याशेजारी कमलबाई आणि सुकदेव अंग चोरून बसले. "पाकीट चुरगळेल, इकडे दे," असं म्हणत सुकदेवांनी राजीनामा घेतला आणि पुढच्या खणात ठेवून दिला. मिस्तरी भाईदासशेठशी बोलत बाहेर उभा होता. आबा पुढच्या सीटवर एकटेच होते. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि ती मूठ हळूच दोन खाचा ओढून ठेवली.

मित्रांनो, मला वाटलं, आता कुठे जायचं नसेल. ब्रेक लावला म्हणजे थांबायचं, एवढं मला अंगानंही शिकवलं होतं आणि इंजिनानंही. तेवढ्यात मिस्तरी आत बसला, त्यानं गिअर टाकला आणि म्हणाला, चल! पुढून चल म्हणतात, मागून धरून ठेवतात. मी ऐकू तरी कोणाचं?

पण खणातला कागद आठवला आणि मी निघाले. पारोळा रोडला लागले. जीव एकवटून ओढत होते. केळीवाल्या मॅटाडोरचं ते इंजिन त्या दिवशी पहिल्यांदा मला माझं वाटलं. सातपुड्याकडचे चढ त्यानं केळीचे घड भरून चढले होते, तीन पोत्यांना ते काय भिणार? तरी मागची चाकं तापत चालली, धूर काळा झाला, जळका वास सुटला. सायकलवाले वळून वळून बघू लागले. फागणे गाव येईपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला.

मिस्तरीनं चहाच्या टपरीपाशी मला थांबवलं. "सांगत नव्हतो मी? दम नाही इंजिनात. रोजचे दीडशे किलोमीटर? पंधरा दिवसांत रस्त्यात बसेल. नका घेऊ." सगळा वेळ तो इंजिनालाच बोल लावत होता. मुठीकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. आधीच मत ठरलेलं असलं की हुशार माणसालाही समोरचं दिसत नाही.

सुकदेवांनी मान हलवली. तिघे पुरुष टपरीकडे गेले. आबा मात्र मागे वळून वळून माझ्याकडे कौतुकानं बघत होते. ते का, हे मला त्या घडीला अजिबात कळलं नाही.

कमलबाई एकट्या राहिल्या. त्या मागून उतरल्या, पुढे आल्या आणि स्टिअरिंगपुढे बसल्या. खणातून पाकीट काढलं, हातात धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला फार अपराधी वाटलं. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी पाकीट परत खणात ठेवलं, डोळे पुसले आणि क्लासात शिकवलं होतं तसं एकेक तपासायला सुरुवात केली. जणू जायच्या आधी एकदा तरी चालवून बघायची होती. पायाखाली क्लच, ब्रेक. मग आरसा. मग हँडब्रेक.

हँडब्रेकवर त्यांचा हात थबकला.

"अहो!" त्या ओरडल्या. "इकडे या! हा ब्रेक कोणी ओढला?"

तिघे धावत आले. मिस्तरीचा चेहरा पडला. सुकदेव त्याच्याकडे बघू लागले. आबा मात्र पुढे झाले, छाती काढून.

"मीच वढा. कसाले इचारस, पोरी? बैल लेतांना गाडानी चाकं बांधतस, भरेल गाडाले जुपतस, मंग दखतस. इकनाराले सांगीसन कोनी पारख करस का?"

"आबा, बैलासारखी चाकं बांधून पारखायची होती, तर आधी बोलला का नाहीत?" सुकदेवांनी कपाळाला हात लावला.

"मी वाट दखी ऱ्हायनू, तुम्ही बठ्ठा तिनं कौतुक कधय करतस! चाकं बांधेल व्हतात, तरी वझं लीसन फागणालगून वनी. आखो काय जोयजे तुमले? आनि हाऊ मिस्तरी म्हनस, दम नई!"

म्हणजे चाकं बांधलेली असूनही मी ओझं घेऊन फागण्यापर्यंत आले, याचंच आबांना मघापासून कौतुक वाटत होतं. मग कमलबाई हसायला लागल्या. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी त्या इतक्या हसल्या की टपरीवाला चहा ओतायचा थांबला. चाकं निवेपर्यंत सगळे तिथेच थांबले. मग कमलबाईंनी मूठ आत ढकलली, मिस्तरीला शेजारी बसवलं आणि पोत्यांसकट मला स्वतः धुळ्याला परत नेलं. मी वाऱ्यासारखी गेले, असं म्हणणार नाही. डिझेलची गाडी वाऱ्यासारखी जात नसते. पण धूर काढला नाही आणि हुंकारही दिला नाही. व्यवहार त्याच दुपारी झाला. त्या गडबडीत पाकीट खणातच राहिलं.

पुढे दहा वर्षं मी तो रस्ता तुडवला. एरंडोल, पारोळा, शाळा, आणि संध्याकाळी उलट. थंडीत सकाळी मी लगेच सुरू होत नसे. डिझेल गाडीला आधी हीटर द्यावा लागतो. कमलबाई किल्ली धरून शांत बसायच्या, मुलांच्या वह्या मनात तपासत असाव्यात. पुढे गाडी चालवायला शिकलेल्या सुकदेवांनी एकदा डिझेल भरायला विसरून मला एरंडोलजवळ कोरडी पाडली. नळीत हवा धरली आणि दीड तास खोळंबा झाला. त्यानंतर त्यांनी टाकी कधी पावाखाली येऊ दिली नाही. संध्याकाळी मी घरी आले की आबा बादलीभर पाणी घेऊन यायचे. चाकं निवेपर्यंत थांबायचे, मग पाय धुवावेत तशी ती धुवायचे आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे, "दमनी का वं?" मला ते कधी बैल म्हणायचे, कधी पोरी म्हणायचे. मी कोण, हे त्यांनाही नीट ठरवता आलं नाही. पण त्यांच्या हाताखाली मला तो प्रश्न पडायचा बंद झाला होता.

आबा गेले. कमलबाई मुख्याध्यापिका झाल्या आणि त्यांची बदली जळगावलाच झाली. आता त्या शाळेत पायी जातात. मी दोन वर्षं घराशेजारी उभी आहे. टायर बसले, रंगाचे पोपडे निघाले, सीटखाली मांजरीनं पिल्लं घातली. आपलं काही चुकलं का, याचा विचार करकरून मी पुन्हा पहिल्यासारखी गोंधळले होते.

गेल्या रविवारी भंगारवाला आला. सुकदेवांनी होकार दिला. खण रिकामा करायला कमलबाई आत बसल्या. खण गंजला होता, दोन झटक्यांनी उघडला. आत ते पाकीट, पिवळं पडलेलं, तिकीट लावलेलं. त्यांनी ते फोडून वाचलं. खाली स्वतःची सही बघितली. मग कागद घडी घालून होता तिथेच ठेवला, खण लावला, आणि उतरण्याआधी त्यांचा हात कुठेतरी गेला.

भंगारवाल्याची माणसं ढकलू लागली. एकानं ढकललं, दोघांनी ढकललं, तिघं घामाघूम झाले. मी हलले नाही.

"जाम झाली वाटतं," सुकदेव म्हणाले.

"हो, जाम झाली," कमलबाई म्हणाल्या. "राहू द्या तिला."

सुकदेवांनी त्यांच्याकडे बघितलं, काचेतून आत बघितलं, आणि भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं. संध्याकाळी कमलबाईंनी बादलीभर पाणी आणून माझी चाकं धुतली.

मित्रांनो, जुन्या गाडीची निगा राखा, वेळेवर तेलपाणी करा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक गोष्ट मोठी आहे. कोणी ओढत नाही, कोणात दम नाही, असं म्हणायच्या आधी एकदा आत वाकून बघा. त्याची चाकं कोणी बांधून ठेवलेली नाहीत ना, एवढं तपासा. गाडी असो, बैल असो, नाहीतर तुमच्या घरातलं माणूस असो.

माझी मूठ आजही ओढलेलीच आहे. पण या वेळी ती कोणी ओढली आणि का ओढली, हे मला नीट समजलं आहे.