तांबडा थर

संगमनेरजवळ विहीर खचली तेव्हा भूशास्त्रज्ञ जयमालाने तिथला थर नीट पाहिला होता. वर गारगोट्या जडलेला काळा पाषाण, खाली हातभर तांबडी माती. त्या ओल्या मातीवरून पाषाण घसरला आणि तिघे गाडले गेले.

आज कोल्हारच्या नव्या विहिरीत ती यारीच्या, म्हणजे विहिरीतला राडारोडा उपसणाऱ्या क्रेनच्या, पाळण्यातून उतरली. समोर तोच पाषाण, त्याखाली तीच माती.

"गेरू लागला, म्याडम!" मुकादम बजरंग खुशीत म्हणाला. "आता सुरुंग नको, कुदळीनं भागंल."

"बजरंगभाऊ, सगळे वर चला. हा संगमनेरचाच थर आहे."

"संगमनेर कुठं, कोल्हार कुठं! अन् ही माती तर कोरडीठाक हाय."

जयमालाने थरावर तळवा दाबला. काढला, तेव्हा बोटांवरून लाल पाणी ओघळलं.

पाळण्यात दोघंच मावत होते. तळाशी माणसं सात होती.