पाठमोरा राखणदार

"जावईबुवा, पाठ फिरवा. मी आत येतेय," कुंपणापलीकडून सासूबाई म्हणाल्या.

मुत्याबाने निमूट पाठ फिरवली. युगांडातल्या या बुगांडा मुलखात जावयाने सासूचं तोंड पाहायचं नसतं. पाहिलं तर हात थरथरण्याचा रोग जडतो, तो मरेपर्यंत. त्यामुळे लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी नाकिमेराबाई त्याच्या लेखी भिंतीपलीकडचा एक आवाज होत्या.

"आत यायला मनाई आहे, आई," तो समोरच्या पाण्याच्या टाकीला म्हणाला. "सरकारी प्रयोगाचं शेत आहे."

"माझी अख्खी केळीची बाग मर रोगाने बसली आणि तुमचं एक पान पिवळं नाही. काय घातलंय यात?"

"शास्त्रज्ञांनी ढोबळ्या मिरचीतला एक गुण घातलाय."

"मग केळी तिखट लागतात?"

"कुणी चाखलीच नाहीत. परवानगी येईपर्यंत घड पुरून टाकायचे."

"पुरायचे? आम्ही तीन महिने नुसते कसाव्याचे कंद चावतोय, आणि तुम्ही केळ्यांची मयतं उरकताय!"

"रोज नाही. शुक्रवारी."

फाटक करकरलं. मागोमाग कुदळीचे घाव ऐकू आले. बाई एका केळीच्या बुंध्यालगतचं पिल्लू, मुनवा, खणून काढत होत्या. एक मुनवा बाहेर गेला तर मुत्याबाची नोकरी जाणार होती आणि नऊ वर्षांचा प्रयोग बंद पडणार होता. वळायची तर सोय नव्हती. तो हात पसरून उलटा चालू लागला.

"आई, ठेवा तो!"

"आधी डावीकडे व्हा, घडावर आपटाल. आता उजवीकडे. अहो, एवढं नाही!"

उजवीकडे पुरायचा खड्डा होता. मुत्याबा गेल्या शुक्रवारच्या केळ्यांवर बसकण मारून पडला.

"मेलात का?"

"नाही."

"मग बोला की! माझी लेक विधवा झाली असती."

खड्डा पुरुषभर खोल, त्यात सडक्या केळ्यांचा चिखल. हात देणं रिवाजात बसत नव्हतं. बाईंनी कुदळीचा दांडा खाली सोडला. एका हाताने तो माणूस निघेना, तेव्हा काखेतला मुनवा टाकून त्यांनी दोन्ही हात लावले.

काठावर कोपर टेकताना मुत्याबाची नजर वर गेली. बाईंनी डोळे घट्ट मिटले होते. गळ्याची हाडं वर आलेली, मनगटं वाळल्या देठासारखी. त्याने मान खाली घातली.

"निघालात?"

"निघालो, आई."

बाई वळल्या, डोळे उघडले आणि रिकाम्या हाताने फाटकाबाहेर गेल्या. मुत्याबाने मुनवा होता तिथे परत लावला, माती दाबली.

शुक्रवारी घड खड्ड्यात उतरवताना प्रयोगाच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "मुत्याबा, हात का थरथरतायत?"

"घड जड आहेत, मॅडम. यंदा पीक चांगलं आलंय."

मग त्याने खड्ड्याकडे पाठ केली आणि टाचेने माती लोटू लागला.