जेनेझियोच्या ताटाशेजारचा तुंबा

अन्न समोर असून कंठाखाली न उतरणे, हे दैवाचे दुःख होय. परंतु त्या दुःखाची माणसाला लाज वाटावी, हा भोवतालच्यांचा दोष होय.

मित्रांनो, मी भोपळ्याचा एक जुना तुंबा आहे. ब्राझीलच्या गोयास माळावर ओरोझिनाने मला वेलावरून उतरवले, वाळवले, कोरले आणि पती जेनेझियोच्या ताटाशेजारी ठेवले. तिकडच्या कुडाच्या भिंतींतील भेगांत रक्त पिणारे किडे राहत. त्या किड्यांच्या विष्ठेतून बालपणीच एक रोग जेनेझियोच्या देहात शिरला होता. पुढे अन्ननलिकेचे बळ गेले. तिचे खालचे द्वार उघडेनासे झाले. एक घास, मग माझ्यातला एक घोट. पाण्याच्या भाराने घास कसाबसा खाली सरके. अशी अकरा वर्षे मी त्याची सेवा केली.

अखेर शहरातील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा दिवस नेमला. "महिनाभर सांभाळा. कोरडा घास घेऊ नका," एवढेच त्यांनी बजावले.

त्याच महिन्यात शेजारी बेनेव्हेनुतोचे घर बांधायला सारा गाव जमला. दुपारी भात, घेवडा आणि कसावा नावाच्या कंदाचे कोरडे पीठ वाढले गेले. तिकडे ते पीठ मुठीने तोंडात फेकून खाण्याची रीत आहे.

"काय रे जेनेझियो, पोटात बदकं पाळलीस की काय?" त्याच्या ताटाशेजारी भरलेला तुंबा पाहून बेनेव्हेनुतो म्हणाला.

"शेत कोरडं नि ह्याच्या घशात पूर!" दुसरा कोणी बोलला. सगळे हसले.

जेनेझियोही हसला. त्याने मला बाकाखाली सारले. "हे बघा, घोटाशिवाय खातो!" असे म्हणून त्याने पिठाची मूठ तोंडात फेकली.

पीठ उतरले नाही. ते श्वासनलिकेत गेले.

"अहो, थांबा! तुंबा कुठाय?" ओरोझिना ओरडली. मी काठोकाठ भरलेला होतो. पण मला ना हात, ना वाचा.

तो दिवस निभावला; परंतु त्या पिठाने फुफ्फुसे सुजली, ज्वर चढला आणि नवव्या दिवशी जेनेझियो गेला.

बेनेव्हेनुतो टोपी हातात घेऊन दाराशी आला. "वहिनी, मला वाटलं, त्याला पाण्याची सवयच आहे."

"सवय नव्हती, भाऊ," ओरोझिना म्हणाली. "भूक होती."

आता मी खुंटीवर कोरडा लटकतो. मित्रांनो, जेवताना कोणी वारंवार पाणी मागितले, तर त्याचे घोट मोजू नका. भांडे निमूटपणे पुढे सरकवा.

ओरोझिनाच्या चुलीला ऊब राहो. बेनेव्हेनुतोच्या मनाला शांती लाभो. ज्यांचा घास अडतो, त्यांना हळुवार सोबती मिळोत.