मागचं बटण

आमच्या डोळ्यांच्या रुग्णालयाच्या साइटवर प्रत्येक लिंक नव्या विंडोत उघडेल, हे मी ठरवलं होतं. माणूस दुसरं काही वाचायला गेला तरी आपलं पान मागे उघडं राहतं, तो हातचा सुटत नाही, असा माझा हिशेब. दोन महिने मोजमाप केलं. पान उघडं राहण्याचा सरासरी वेळ चार मिनिटांवरून अकरावर गेला. मी मीटिंगमध्ये आलेख दाखवला.

चौकशीचे फोन घेणाऱ्या काकू तेवढ्या कुरकुरल्या. "अगं, लोक फोनवर रडकुंडीला येतात. मागे जाता येत नाही म्हणतात."

"काकू, चार फोन म्हणजे पुरावा नव्हे," मी म्हणाले. सगळे हसले. मीही.

साइट उत्तम चाललीय, तरी फोनची रांग संपत नाही, म्हणजे काकूच गप्पा हाणत बसतात, असा अर्थ निघाला. आठवड्याभरात त्यांच्या हाती मेमो पडला. अठरा वर्षांतला पहिला. मी मूग गिळून बसले.

रविवारी बाबा आमच्याच साइटवर आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला बसले. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. केसाएवढी स्प्रिंग बसवणारा हात. "तू मधे बोलू नकोस, मी करतो." 'ऑपरेशनपूर्वीच्या सूचना' उघडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. त्यांनी उघडल्या. सूचनांनी सगळा पडदा व्यापला. वाचून झाल्यावर त्यांनी मागे जायचा बाण दाबला. बाण फिकट, मेलेला; नव्या विंडोला मागचं पान नसतंच. मग त्यांनी साइटचा पत्ता पुन्हा टाइप केला आणि फॉर्म पहिल्यापासून भरायला घेतला.

"कितव्यांदा, बाबा?"

"सहाव्यांदा असेल. माझंच काहीतरी चुकतंय गं. ऑफिसात सांगू नकोस हं, हसतील."

मी त्या विंडोच्या मागे पाहिलं. अर्धवट भरलेले फॉर्म एकामागे एक उघडे, प्रत्येकात आईचं नाव. आणि प्रत्येकाची मिनिटं माझ्या आलेखात जमा होत होती. लोक वाचत नव्हते, अडकले होते. आपण नक्की काय मोजतोय, हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकलेला पहिला प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

"तुमचं नाही चुकलं, बाबा. ते मी तसं केलंय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मग तारीख तूच घे," म्हणाले आणि उठून गेले.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं.

"बदलून टाक. त्यात काय एवढं?"

"आणि काकूंचा मेमो?"

"तो वेगळा विषय."

"नाही सर. तो माझ्याच आकड्यावरून निघाला."

"मग दे लिहून, बघू."

काकूंच्या कानाला फोन होता. "आजोबा, वरच्या फुलीवर दाबा... अहो, कॉम्प्युटर नका बंद करू!" फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माफी मागितली.

"तोंडी घेऊन काय करू? मेमो कागदावर आलाय."

तिथेच, त्यांच्या टेबलापाशी उभ्याउभ्या लिहिलं. काकूंनी वाचलं.

"'कदाचित माझ्या मोजमापात चूक असावी.' कदाचित?"

"सवय आहे, काकू. आम्हा विज्ञानवाल्यांना तसंच लिहायला शिकवतात."

"माझ्या मेमोत कदाचित नव्हतं."

मी तो शब्द खोडला. 'असावी'चं 'होती' केलं.

"खाडाखोड नको. दुसरा कागद घे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी वाजणारा फोन उचलला.