तृतीयेची भरती

गोदावरीबाई नवऱ्याशी जन्मात एकदाच खोटं बोलल्या, आणि तेही तिथीबद्दल.

त्यांचे यजमान तात्या मुंबईच्या एका कंपनीत हेडक्लार्क. एकवीस वर्षांत एक खाडा नाही. शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस आटोपून रेवसची बोट धरायची, तिथून जलीलच्या टांग्याने दिवेलागणीनंतर अलिबागला घरी. रविवारी दुपारी पुन्हा बोट. वाडीमागे शंभर पावलांवर समुद्र, समोर पाण्यात किल्ला. मुंबईची मंडळी पदरमोड करून या किनाऱ्यावर हवा खायला येत, पोरांसारखी डुंबत. आणि आमचे तात्या? झोपाळ्यावर पडून आढ्याची कौलं मोजत!

तेही बाईंनी सोसलं असतं. पण गेल्या रविवारी तात्यांनी विचारलं, "अगं, आपल्याकडे तांब्या कुठे असतो?" सासूबाईंच्या वेळेपासून तांब्याची जागा बदललेली नव्हती. मुंबईने आपला माणूस गिळला. घरी येतो तो पाहुणा, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी त्या धड जेवल्याही नाहीत.

म्हणून या रविवारी चहा देतानाच त्या म्हणाल्या, "ओहोटी आहे तोवर किल्ल्यातल्या गणपतीला जाऊन येऊ."

"भरती कितीला?"

"आज पंचमी. म्हणजे पावणेचारला. बारापर्यंत वाट उघडी राहील."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे अलिबागच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मुंबईचा कारकून तारखा पाळतो, तिथ्या नाही, असा बाईंचा हिशेब. खरं तर त्या दिवशी होती तृतीया. भरती सव्वादोनला, आणि किल्ल्याची वाट साडेदहालाच बुडायची. एकदा अडकलं की संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत सुटका नाही. बोट चुकणार, आणि सोमवारचं ऑफिसही. बाईंनी मुकाट्याने दोन वेळचं बांधून घेतलं.

धोतर गुडघ्यापर्यंत खोचून तात्या ओल्या वाळूतून निघाले. अर्ध्या वाटेवर खेकडा दिसताच वहाणा टाकून त्याच्यामागे धावले, आणि आपटले. उठले ते हसतच. दर्शन झालं, तळ्याचं गोडं पाणी प्यायले, मग तटावर कोट उशाला घेऊन आडवे झाले. लहानपणी इथेच मास्तरांना चुकवून कसे लपत, ते हातवारे करून सांगू लागले. दडपे पोहे तीनदा मागून खाल्ले. बाई नुसत्या बघत राहिल्या. किती वर्षांनी हा माणूस एवढं बोलत होता!

अकराच्या सुमारास खाली पाहिलं तर वाळूचा पत्ता नाही.

"अहो, वाट बुडली."

"हो की," म्हणत तात्यांनी कूस बदलली.

ना आरडाओरडा, ना घड्याळाकडे नजर. हे मात्र बाईंना सोसवेना. त्यांना रडूच फुटलं. "मी खोटं बोलले हो! आज पंचमी नाही. मला तुमचा एक अख्खा दिवस हवा होता. आता साहेब तुम्हाला काय म्हणेल?"

तात्या उठून बसले. "काल टांग्यातून बीजेची कोर दिसली. जलीलला थांबवून, उपरण्याची दशी ओढून चंद्राला वाहिली. बीजेच्या दुसऱ्या दिवशी पंचमी कुठून येईल गं?"

बाईंनी विचारलं, "म्हणजे ठाऊक होतं? मग आलात कशाला?"

तात्या म्हणाले,

"एकवीस वर्षं मी रविवारी निघतो. तू पिशवी भरून हातात देतेस. राहा म्हणून एकदा तरी म्हणालीस? मला वाटायचं, माझ्यावाचून तुझं छान चाललंय. आज पंचमी म्हणालीस, तेव्हा कळलं."

नोकरीच्या माणसाला अडवू नये, हे बाईंना आईने शिकवलं होतं. त्यांनी ते एकवीस वर्षं इमानेइतबारे पाळलं होतं. आता त्यांनी पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे सरळ बघत म्हटलं, "राहा."

चहूबाजूंनी पुरुषभर पाणी. राहण्यावाचून तात्यांना तसाही इलाज नव्हता. पण त्यांनी "बरं" म्हटलं, ते अगदी मनापासून.