शिट्टीमधला दम

मी मॉडेम बोलतोय. नाव ऐकून घाबरू नका. पाटाएवढी पेटी, वर दोन रबरी वाट्या, पुढे एक लाल दिवा; झालं माझं ध्यान. टेलिफोनचा रिसीव्हर माझ्या वाट्यांत उपडा ठेवायचा. पलीकडच्या मॉडेमची शिट्टी ऐकू आली की माझा दिवा लागायचा आणि आमचं अंधेरीचं टर्मिनल मुलुंडच्या कॉम्प्युटरशी बोलू लागायचं. ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची गोष्ट. इंटरनेट हा शब्द आमच्या ऑफिसात कुणी ऐकलाही नव्हता.

माझ्यापुढे बसायचे माणिक आणि मृणालिनी. मुलुंडला श्यामसुंदर, माणिकचा कॉलेजपासूनचा दोस्त. एक नंबरचा वात्रट. माणिकचा फोन आला की रिसीव्हर आपल्या मॉडेमवर ठेवायचा, एवढंच त्याचं काम. पण हा पठ्ठ्या स्वतःच तोंडाने शिट्टी मारायचा, थेट मॉडेमच्या सुरात. मी फसायचो. दिवा लागायचा. माणिक 'लागली लाईन' म्हणून टाइप करत सुटायचा आणि पडदा ढिम्म. रिसीव्हर उचलला की आतून खो खो हसू. मग शिव्या, मग पुन्हा हसू. खरं सांगू, मलाही फसायला आवडायचं.

खोट पकडली मृणालिनीने. "अरे, नीट बघ ना, दिवा मधेच दम घेतोय." यंत्र न थांबता वाजतं, श्यामसुंदरला मात्र श्वास घ्यावा लागायचा, तेव्हा माझा दिवा क्षणभर विझायचा.

मग एक दिवस वाट लागली. सगळ्या शाखा अशाच जोडायच्या की नाही, हे ठरवायला दिल्लीचे साहेब दुपारी येणार होते. ते सकाळीच टपकले. मुलुंडला कळवायचं कुणाला सुचलं नाही. श्यामसुंदरला वाटलं, ही रंगीत तालीम चाललीय. माझा दिवा लागला. माणिक घामाघूम होऊन टाइप करत राहिला, साहेब कोऱ्या पडद्याकडे बघत राहिले, आणि शेवटी त्यांनीच रिसीव्हर कानाला लावला. आतून श्यामसुंदर म्हणाला, "काय माणक्या, जमलं का रे?"

योजना तिथेच बारगळली. माणिकची सगळी मेहनत पाण्यात गेली. वेळ बदललेली त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हती, असं मृणालिनीने परोपरीने सांगितलं. माणिक ऐकेना. बोलणं बंद म्हणजे बंद.

पुढे श्यामसुंदरने मस्कतची नोकरी धरली. निघायच्या दिवशी फोन वाजला. माणिकने उचलला, ऐकला, आणि सवयीने माझ्या वाट्यांत ठेवला. दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

"बोल ना रे त्याच्याशी," मृणालिनी म्हणाली.

"लाईन खराब आहे," म्हणत माणिकने फोन ठेवून दिला. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

आता नवे मॉडेम आलेत. त्यांना वाट्या नाहीत, वायर थेट भिंतीत. मला भंगारात काढलं, तेव्हा माणिकनेच कांदिवलीला घरी आणलं. माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी पडून असतो. अधूनमधून तो मला खाली काढतो, प्लग लावतो आणि वाटीला तोंड लावून शिट्टी मारायला बघतो. त्याला ती कधी आलीच नाही. नुसती फुस्स हवा. माझा दिवा काही लागत नाही, आणि त्याचं ते तोंड मला बघवत नाही. मस्कतचा नंबर मृणालिनीने केव्हाच आणून दिलाय.

माणिक, लाव रे तो फोन. शब्द सुचले नाहीत तर नसू देत, शिट्टीही नाही जमली तरी चालेल. तुझा नुसता दम ऐकून तो ओळखेल.