हार्मचा झेंडा

माझ्या मुलाच्या फुटबॉलची वाट त्याच्या बापानं लावली, तीही लाडानं. क्लबच्या कँटीनमध्ये क्रोकेट, म्हणजे आमचे मांसाचे रोल, तळता तळता मी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. लोक वेगळं सांगतात. कुणी त्याच्या गुडघ्याला दोष देतं, कुणी सुनेला. गुडघा ठणठणीत आहे, आणि सून चांगली होती. तिला आमचं रत्न सोसवलं नाही, एवढंच.

योरित अटॅकिंग मिडफिल्डर. म्हणजे पुढच्या फळीच्या जरा मागं, मैदानाच्या मधोमध हिंडायचं, धावाधाव इतरांनी करायची आणि पेपरात फोटो याचा. हे काम त्याला जन्मतःच येत होतं. घरी भांडी पुसायची पाळी असली की शेवटचा चमचा तेवढा हा पुसायचा आणि सगळं आपणच केल्यासारखा ओरडायचा, "आई, झालं गं!"

आणि त्याचा बाप, माझा नवरा हार्म, क्लबचा लाइन्समन. आमच्याकडे गावच्या सामन्याला बाहेरून पंच एकच येतो. रेषेवर झेंडा घेऊन धावायला प्रत्येक क्लब आपापला माणूस देतो. आता आपला माणूस म्हटल्यावर काय होणार? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. समोरचा खेळाडू चेंडूकडे नुसता निघाला की हार्मचा झेंडा वर. ऑफसाइड! पलीकडचा लाइन्समनही तेच करायचा, आणि सामना संपल्यावर दोघं माझ्या काउंटरवर बियर पीत एकमेकांना चोर म्हणायचे.

योरित लहान असताना त्याच्या प्रत्येक सामन्याला झेंडा हार्मच्याच हातात. ऑफसाइडचा नियम साधा आहे: पास सुटेपर्यंत, गोलकीपर सोडून, समोरच्यांच्या शेवटच्या गड्याच्या पुढं जायचं नाही. आमचं कार्टं पास सुटायच्या आधीच तिकडं जाऊन उभं, आणि हार्म आभाळात ढग मोजतोय. पोरानं गोलांचा ढीग रचला. शहरातल्या मोठ्या क्लबनं सोळाव्या वर्षी त्याला उचललं, तेव्हा हार्मनं साऱ्या गावाला केक वाटला. हार्म आणि केक! आमच्या घरी पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं आणि लगेच डब्याचं झाकण लागतं.

पण शहरात झेंडे दुसऱ्यांच्या बापांच्या हातात होते.

पायात जादू होती, ते मी आई म्हणून सांगत नाही. पण धाव घ्यायची कधी, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रशिक्षक बदलले, त्यांनी दोऱ्या लावून शिकवलं, शिट्ट्या मारून शिकवलं. पालथ्या घड्यावर पाणी. एकदाच देशाचा नारिंगी शर्ट अंगावर आला. शेवटची थोडी मिनिटं उरली असताना उतरला, गोल मारला आणि शर्ट काढून वेड्यासारखा धावत सुटला. झेंडा वर आहे हे त्याला सोडून साऱ्या देशाला दिसत होतं. पुन्हा बोलावणं आलं नाही. मग तुर्कस्तान, मग सायप्रस, मग दुसऱ्या विभागातली दोन भिकार वर्षं, आणि सदतिसाव्या वर्षी स्वारी बॅगा घेऊन आमच्या दारात.

गावच्या पहिल्या संघात त्याला घेतलं आणि कँटीनची पाळीही लावली. नारिंगी शर्ट घातला असशील बाबा, कप इथं सगळेच धुतात. संघ आधीच रसातळाला गेलेला. शेवटचा सामना शेजारच्या विंडेहामशी, आमच्याच मैदानावर: जिंकलो तर आहे त्या विभागात टिकलो, नाहीतर एक पायरी खाली. योरितचाही तो शेवटचाच. त्यानंतर बूट खुंटीला.

आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना हार्मला अवदसा आठवली.

"उद्या जरा मागं येऊन खेळ," तो बटाटे कुस्करत म्हणाला. "नुसता पुढं उभा राहतोस."

योरितनं काटा ठेवला. "कुणी शिकवलं मला पुढं उभं राहायला?"

"मी? मी कधी म्हणालो?"

"म्हणाला नाहीस, तेच तर! बाबा, एकदा, फक्त एकदा झेंडा वर केला असतास ना..."

"तू चांगला खेळत होतास रे."

"मी ऑफसाइड होतो! साऱ्या गावाला माहीत होतं. मला सोडून."

"बटाटे थंड होताहेत," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार? पोराचं खरं होतं आणि नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. हार्म ताट तसंच टाकून कोंबड्या बघायला गेला. कोंबड्या मी मघाशीच कोंडल्या होत्या.

शनिवारी दुपारी अख्खं गाव मैदानावर. पहिल्या हाफात विंडेहामची चढाई हार्मच्या बाजूला होती, आणि त्यानं झेंडा इतक्या वेळा वर केला की मला वाटलं, वाऱ्यानं उडतोय. हाफटाइमला पंच बाउमा चहा घ्यायला आले ते तणतणतच.

"हार्म, माझे डोळे फुटलेत असं वाटतं का तुला? मघाशी तो पोरगा स्वतःच्याच अर्ध्या मैदानात होता, तिथं कसला ऑफसाइड!"

"मला तसा नाही दिसला."

"पुढच्या हाफात हलव हवा तेवढा. मी तुझ्याकडे बघणारच नाही."

दुसऱ्या हाफात आमची चढाई हार्मच्या बाजूला आली. गोल कुणाचाच नव्हता. तळण सोडून मी दारात येऊन उभी राहिले. सामना संपत आला तेव्हा आमच्या डावीकडच्या पोरानं लांब पास मारला, योरितनं तो छातीवर घेतला, एका गड्याला चकवून खाली बसवलं आणि चेंडू अलगद कोपऱ्यात. असा गोल आमच्या मैदानानं पाहिला नव्हता. बाउमांनी सरळ मध्यरेषेकडे बोट केलं. गोल! म्हातारे एकमेकांना मिठ्या मारायला लागले, कुणीतरी योरितच्या पाठीवर चढलं.

आणि रेषेवर हार्म. झेंडा वर.

कुणी बघत नव्हतं. पंचांनी बघणार नाही म्हणून सांगितलंच होतं, ते शब्दाला पक्के निघाले. हार्मनं हळूच झेंडा खाली घेतला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण त्याचा हात तसाच वर. योरितनं अंगावरची पोरं बाजूला सारली, शाबासकीसाठी असेल, बापाकडे बघितलं, आणि जागच्या जागी थांबला. मग वळून पंचांकडे चालत गेला.

"गोल नाही. ऑफसाइड होतो."

"कोण म्हणतं?"

"माझा बाप."

बाउमा हसले. "तुझा बाप तीस वर्षं तेच म्हणतोय!"

"माझ्याबद्दल कधीच म्हणाला नव्हता."

बाउमांनी मान वर करून हार्मकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि हात वर करून शिट्टी फुंकली. गोल रद्द. पुढं काही झालं नाही. आम्ही खाली गेलो.

विंडेहामवाले नाचले. आमच्यांनी हार्मला काय काय म्हटलं ते सांगत नाही. आमचा अध्यक्ष आत येऊन ओरडला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" त्याला मी सांगितलं, बियर हवी तर गप बस. करपलेले क्रोकेट त्या दिवशी सगळ्यांनी खाल्ले. मी रडत होते, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

हार्म कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटाच बसला होता. योरित चिखलाच्या बुटांनिशीच जाऊन समोर बसला.

"किती होतो पुढं?"

"हातभर."

"आणि लहानपणी?"

"लहानपणी? अरे, तू पलीकडच्या गावात असायचास."

"मग वर का नाही केलास?"

"झेंडा वर केला असता तर तू थांबला असतास," हार्म म्हणाला. "मला तुला धावताना बघायचं होतं रे."

योरितनं बापाच्या हातातली बियर काढून घेतली, एका दमात संपवली आणि आणखी दोन आणायला माझ्याकडे आला.